दक्षिणेच्या गोलावरची सावली

तोक्यो, ३ सप्टेंबर २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी तुला माझ्या पत्राआधीच कळली असणार. किरिहामात मासेवाल्या काकूंच्या आधी पोस्टमन कधी पोचलाय? तरी माझ्या तोंडून ऐक. नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी नगरपालिकेने आमच्या ऑफिसचा आराखडा निवडला. आणि आमचे कुरामोची साहेब, ज्यांना वीस वर्षं माझं आडनावसुद्धा धड लक्षात राहत नव्हतं, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे काम इसोबे बाई बघतील, मैदान त्यांच्या घरचंच आहे, आधी वडिलांनी राखलं, आता बहीण राखते. मी तिथून उठले. जिन्यात जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि कामाला बसले.

जुनं मैदान आहे तसंच राहील. नवं स्टेडियम शेजारी, बंद पडलेल्या टूना मासळीच्या कारखान्याच्या जागेवर होणार. चारही बाजूंना स्टँड, वर सगळीकडून छप्पर, आणि मैदानाभोवती धावपट्टी नाही. म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ. लाकडी नमुना नगरपालिकेच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवला आहे. बाबांना एकदा नेऊन आण. त्यांना काही आवडत नाही हे मला माहीत आहे, पण नेऊन आण.

आता कामाचं. बाबा थंडीत रोज सकाळी दक्षिणेच्या गोलापुढे रात्री गोठलेलं हिम किती वाजता विरघळलं ते लिहून ठेवायचे, त्या वह्या मला हव्या आहेत. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य समुद्रावर अगदी खाली असतो. दक्षिणेचा स्टँड उंच बांधला तर त्याच्या सावलीत गोलापुढचं गवत तीन महिने उजेड बघणार नाही आणि मरेल. साहेबांना वाटतं सावली काय, सगळ्याच स्टेडियमांत असते. त्यांना कागदावर पुरावा लागतो, आणि तो पुरावा जगात फक्त बाबांच्या अक्षरात आहे. वीस डिसेंबरला नकाशे नगरपालिकेत जातात. त्यानंतर एक रेघ इकडची तिकडे होत नाही.

आणि हो, नव्या मैदानाचं गवतही तुझ्याच ताब्यात राहणार, हे मी आधी विचारून घेतलं. म्हणजे चूक माझी झाली तर शिव्या तुला. म्हणून तरी वह्या लवकर पाठव.

बाबांची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, फोनवर मी बोलते तेव्हा नुसतं हं करू नका.

धाकट्या बहिणीवरचा लोभ कमी करू नकोस, वाढवलास तर ऑफिसात सांगत सुटेन.

तुझी,
रित्सु


किरिहामा, १७ सप्टेंबर

चि. रित्सुको हिस अ. आ.

पत्र पावलं. अभिनंदन. उशिरा लिहिते आहे कारण सध्या हिवाळी गवताचं बी टाकायचे दिवस आहेत. उन्हाळी गवत अजून जोरात असतं, त्याला खरडून जागा करावी लागते, म्हणजे थंडीत ते पिवळं पडलं तरी खालून दुसरं हिरवं वर येतं. हे तुला सांगून उपयोग नाही. तू लहान असताना एकदा नवं उगवलेलं हिवाळी गवत तण समजून उपटलं होतंस, चांगला ओंजळभर.

गावात तुझाच उदो उदो चालला आहे. मासेवाल्या काकूंनी मला पावशेर जाळीचे बारीक मासे फुकट दिले. मी म्हटलं कशाबद्दल, तर म्हणाल्या तुमच्या बहिणीबद्दल. तेहेतीस वर्षं मी त्यांच्या मुलाच्या क्लबचं मैदान राखते आहे, आजवर एक शेपटी जास्त पडली नव्हती. न्हाव्याकडे तुझा वर्तमानपत्रातला फोटो लावला आहे. फोटोत तू बरी दिसतेस, केस मात्र कापून घे.

बाबांना नमुना दाखवायला नेलं. अर्धा तास उभे होते. मी दोनदा चला म्हटलं, हलले नाहीत. घरी आल्यावर चहा घेतला आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दहा वाजता परत एकटेच गेले.

वह्यांचं म्हणशील तर त्या आता नाहीत. मैदानावरची खोली दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गळली, तेव्हा भिजून लगदा झाल्या. तुमच्या ऑफिसात कंप्युटर असतील की. सूर्य कुठे असतो हे त्यांनाही कळत असेल.

पाठ बरी आहे. तब्येतीची काळजी घे, तिकडे काय खातेस कोण जाणे.

आशीर्वाद आहेतच,
ताई


तोक्यो, २० ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वह्या गेल्या हे वाचून वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. त्यांनी आयुष्यात लिहिलेली तेवढीच एक गोष्ट होती. तू त्यांना सांगितलंस का?

कंप्युटरला सूर्य कळतो, ताई, पण हिम कळत नाही. सावली कुठे पडेल ते तो मिनिटामिनिटाला दाखवतो. त्या सावलीत आपल्या समुद्राच्या ओल्या वाऱ्याने हिम किती दिवस बसून राहील, गवत कधी हार मानेल, हे त्याला ठाऊक नाही. मी साहेबांना म्हटलं की दक्षिणेचा स्टँड आठ रांगांनी खाली घेऊ, छपराचा पुढचा भाग पारदर्शक करू, आणि छप्पर व स्टँड यांच्या मध्ये वारा जायला फट ठेवू. ते म्हणाले, आठ रांगा म्हणजे तेराशे खुर्च्या, त्या मी नगरपालिकेला कोणत्या तोंडाने कमी करायला सांगू, तुमच्या बालपणीच्या आठवणी दाखवून? बरोबर आहे त्यांचं. मी आठवणीतून बोलत होते, आणि खरं सांगायचं तर त्या आठवणीही माझ्या नाहीत. सकाळी सहाला बाबा तुला घेऊन जायचे. मी खिडकीतून सायकल बघायची आणि मग मला पियानोच्या शिकवणीला पाठवायचे.

तुला तरी आठवत असेल ना? अंदाजाने लिही. कुठल्या आठवड्यापासून कुठल्या आठवड्यापर्यंत, साधारण किती वाजता. अंदाजही चालेल.

दुसरी विनंती. मार्चमध्ये भूमिपूजन आहे. देवळाचे पुजारी वाळूचा ढीग करतात, त्यात गवत खोवतात, आणि ज्याने आराखडा केला त्याने विळ्याने ते पहिलं गवत कापायचं असतं. ते मी कापणार आहे! तीनदा ओरडायचं असतं म्हणे, मी आतापासून न्हाणीघरात सराव करते आहे. एरवी गवत कुठूनही आणतात, पण मी नगराध्यक्षांना सांगून ठेवलं की ते तुझ्या मैदानाचंच असेल. मूठभर देशील ना?

माझ्या आगाऊपणावर रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझीच,
रित्सु


किरिहामा, ८ नोव्हेंबर

चि. रित्सुको हिस अ. आ.

तुझं पत्र दोन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. उत्तर लिहायला बसले की कागद फाडावासा वाटायचा. आज लिहून टाकते, कारण पोटात ठेवून माझंच पोट बिघडलं आहे.

तेहेतीस वर्षं मी गवत कापते आहे. आठवड्यातून तीनदा, उन्हाळ्यात रोज. गुडघे गेले, उजवा कान यंत्राच्या आवाजाने अर्धा गेला. माझ्या कापण्याला कधी पुजारी आला नाही. कोणी पांढरे कपडे घालून तांदूळ उडवले नाहीत. आणि तू, जिला हिवाळी गवत आणि तण यातला फरक सांगता येत नव्हता, ती हातमोजे घालून विळा धरणार, तीनदा ओरडणार, आणि नगराध्यक्ष टाळ्या वाजवणार. वर गवत माझ्याकडून मागतेस! मूठभर! रोपवाटिकेतून विकत घ्या. माझ्या मैदानाचं एक पातं मिळणार नाही.

बाबांचं ऐक. रोज दहाला घरातून निघतात ते जेवायला येतात. रविवारी दालन बंद असतं, तर बाहेर पायऱ्यांवर बसून येतात असं सावागुची सांगत होता, तिथला पहारेकरी, माझ्या वर्गातला. शर्टाला इस्त्री मीच करते. काय बघता विचारलं तर म्हणतात, बघतो. गेल्या शनिवारी पाहुण्या संघाच्या कप्तानाने वर्तमानपत्रात सांगितलं की देशात असं गवत दुसरीकडे नाही. मी ते पान मुद्दाम जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं. बाबांनी त्यात भाजलेलं रताळं गुंडाळलं आणि खिशात घालून तुझा नमुना बघायला गेले.

तू गेलीस तेव्हा अठरा वर्षांची होतीस. मी राहिले. मला कोणी राहा म्हटलं नव्हतं हे खरं, पण जा असंही कोणी म्हटलं नाही. बाबांनी मला आजवर एकदाही छान झालंय असं म्हटलेलं नाही. मला वाटायचं तो त्यांचा स्वभावच आहे, ते कशालाच छान म्हणत नाहीत. मग तुझं लाकडाचं खेळणं आलं, आणि कळलं की स्वभाव वगैरे काही नव्हतं. मी जळते आहे, रित्सु. बावन्न वर्षांच्या बाईने हे लिहावं का, पण आहे ते आहे.

हिम किती वाजता जातं ते मला आठवत नाही.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद द्यायचे म्हणून देते असं समज, पण ते खोटे नाहीत.

ताई


किरिहामा, ११ डिसेंबर

चि. रित्सु हिस अ. आ.

या पत्राबरोबर घरपोच पार्सलाने एक खोकं येईल. त्यात अठ्ठावीस वह्या आहेत. त्या भिजल्या नव्हत्या. गाद्यांच्या कपाटात, माझ्या हिवाळी पांघरुणांच्या खाली होत्या. मी तुला खोटं सांगितलं, आणि ते सहज तोंडून गेलं नाही, विचार करून सांगितलं. तुझं छप्पर चुकावं असं मला वाटत होतं. गवत मेलं तर माझंच मरणार, हेही कळत होतं. तरी वाटत होतं की मरू दे, पण लोकांनी म्हणावं की हे थोरलीला विचारायला हवं होतं.

काल काय झालं ते सांगते. दुपारी सावागुचीचा फोन आला. म्हणाला, फुसाए, तुझ्या वडिलांना घेऊन जा, ते आज फार वेळ गुडघ्यांवर आहेत आणि लोक बघायला लागले आहेत. मी बूट न बदलता मातीच्या पायांनी गेले. बाबा काचेच्या पेटीपाशी वर्तमानपत्र अंथरून ओणवे बसले होते. हातात आपली स्वयंपाकघरातली विजेरी. ती त्यांनी दक्षिणेकडून काचेला टेकवून धरली होती, डोळे बारीक करून आत बघत होते, आणि आत जिथे सावली संपत होती त्याच्या समोर काचेवर पाठीला लावायची चिकटपट्टी कापून डकवत होते. एक नाही, सात-आठ पट्ट्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख.

सावागुची म्हणाला, पहिल्याच आठवड्यापासून हे चाललं आहे. आधी त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग बाबांनी त्याला हात लांब करून समजावलं की डिसेंबरच्या बावीस तारखेला भर दुपारी सूर्य समुद्राच्या रेषेवर तीन मुठी असतो, चौथी बसत नाही. तीन मुठींवर विजेरी धरली की तुझ्या स्टँडची सावली गोल ओलांडून, पेनल्टीच्या ठिपक्याच्या पुढे चार पावलं जाते. हे त्यांनी तीन महिने रोज वेगवेगळ्या तारखेसाठी करून बघितलं. रित्सु, ते तुझं कौतुक करायला जात नव्हते. ते माझ्या गवतासाठी जात होते.

घरी येताना मी विचारलं, एवढं कळलं होतं तर रित्सुला फोन का नाही केलात? चालता चालता म्हणाले, गवत माझं नाही. मी सोडलं तेव्हापासून ते तुझं. ज्याचं गवत त्याने बोलायचं. मग पुलापाशी थांबले आणि म्हणाले, वह्या कपाटात आहेत ना, तिथे ओल नाही, बरं आहे. त्यांना सगळं माहीत होतं. सप्टेंबरपासून. मी बोलेन म्हणून वाट बघत होते, आणि मी न बोलता त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री करत होते.

जुन्या मैदानाची दक्षिण बाजू उघडी का, तेही काल पहिल्यांदा सांगितलं. कारखान्यातली माणसं पाळी संपल्यावर माशांच्या टोपल्यांतून माती वाहायची, बाबा त्यांच्यातलेच. प्रेक्षकांना बसायला तीन बाजूंचे बांध झाले आणि दक्षिणेला माती पुरली नाही. लोक दोन वर्षं हळहळले. तिसऱ्या थंडीत त्यांच्या लक्षात आलं की गवत जगलं ते त्या न झालेल्या बांधामुळे. नाहीतर आज तुला नकाशा काढायला बोलावणारं फुटबॉलचं गावच झालं नसतं.

तारीख वीस आहे. मी तीन महिने तुझे खाल्ले, नऊ दिवस ठेवले. जमेल का तुला? मार्चमध्ये हवं तेवढं गवत देते, मुळासकट. विळा मात्र मनगटातून चालव, खांद्यातून नाही, नाहीतर गाव मला हसेल.

माझ्यावर रागाव, पण आधी वह्या वाच.

ताई


तोक्यो, २३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं. वीस तारखेला संध्याकाळी नकाशे गेले. दक्षिणेचा स्टँड आठ रांगांनी खाली आला, छपराची पुढची बाजू पारदर्शक झाली, आणि वाऱ्यासाठी माणूस वाकून जाईल एवढी फट राहिली. साहेबांनी वह्या बघितल्या. पहिली चाळली, दुसरी चाळली, मग चष्मा पुसला आणि बाकीच्या सव्वीस बसून वाचल्या. नगरपालिकेपुढे त्यांनी स्वतः सांगितलं की तेराशे खुर्च्यांच्या बदल्यात तुम्हाला गवत मिळतं आहे. तिथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक बाबांनी राखलेल्या गवतावर खेळलेले, कोणी हूं का चूं केलं नाही.

बाबांना सांग, कंप्युटर म्हणतो पेनल्टीच्या ठिपक्याच्या पुढे पाच पावलं. बाबा म्हणतात चार. मी चार धरून बघितलं, पाच धरून बघितलं, दोन्हीत चालतं.

तू खोटं बोललीस हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. खोली गळली असती तर तू बियाण्याच्या पोत्यांचं रडगाणं आधी गायलं असतंस. मी फोन करून भांडू शकले असते. केलं नाही, कारण तू जळतेस हे वाचून मला बरं वाटत होतं. आयुष्यभर मी तुझ्यावर जळत आले, आणि आता कुठे पारडं फिरलं होतं. आठ दिवस तरी फिरलेलं राहू दे म्हणता म्हणता तीन महिने गेले. तेव्हा सगळा दोष एकटीने घेऊ नकोस, तेवढा मोठेपणा मी तुला देणार नाही.

वह्या मी तीनदा वाचल्या. ऑफिसात वाटलं मी हिमाचे आकडे काढते आहे. पहिल्यांदा आकडेच काढले. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी माझं नाव शोधत होते.

फुसाएने पेंढा पसरला. फुसाएला सर्दी, तरी आली. फुसाए म्हणते डाव्या कोपऱ्यात पाणी मुरत नाही, बघितलं, बरोबर म्हणते. फुसाएने आज एकटीने यंत्र चालवलं, रेघा सरळ. हे एकोणीसशे एकोणऐंशीच्या जानेवारीत लिहिलंय, ताई. रेघा सरळ. त्यांच्या हाताने. तुला ते कधी बोलले नसतील, पण तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आणि तू त्या वह्यांवर पांघरुणं रचलीस.

मी प्रवेश परीक्षेला तोक्योला निघाले तो दिवस उघडून बघितला. हिम दहा चाळीसपर्यंत. वारा नाही. फुसाए आणि मी चहा प्यायलो. एवढंच. मला पहिलं बक्षीस मिळालं तो दिवस बघितला. हिम नऊ पन्नास. अठ्ठावीस वह्यांत माझं नाव एकदाही नाही. एकदाही, ताई. मी हे स्टेडियम कोणासाठी काढलं असं तुला वाटतं?

वह्या मी परत पाठवणार नाही. कामासाठी नको आहेत, नकला काढून झाल्या. तुझ्याकडे बाबा आहेत. वह्या माझ्याकडे राहू देत.

रागावलीस तर रागाव, मी नमस्कार करून मोकळी.

रित्सु


किरिहामा, २६ डिसेंबर

चि. रित्सु हिस अ. आ.

ठेव वह्या. मी मागणार नाही.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते संत्रं सोलत होते. रेघा सरळ हे मी दोनदा वाचलं, मग पुढे गेले. तुझ्या नावाचा भाग गाळावा असं मनात आलं होतं, गाळला नाही. ते म्हणाले, वही हिमाची होती, तिच्यात हिम लिहायचं. मग मी तुझ्या बाजूने भांडले, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. मी म्हटलं, मग फुसाए का लिहिलंत? म्हणाले, ती तिथे होती. आणि रित्सु? ती तिथे नव्हती. एवढं बोलून फोड तोंडात टाकली. मला त्यांच्या हातातलं संत्रं काढून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता परत इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, आता कुठे? नकाशे गेले, स्टँड खाली आला, विजेरीचं काम संपलं. म्हणाले, सावली बघून झाली, आता स्टेडियम बघायचं राहिलं आहे. मला राहवलं नाही, थोड्या वेळाने मागोमाग गेले आणि खांबाआड उभी राहिले.

विजेरी नव्हती. सावागुचीने त्यांना खुर्ची दिली होती. ते नुसते बसून आत बघत होते, चांगला तासभर. सावागुची म्हणाला, पंधरवड्यापासून विजेरी आणत नाहीत, आता रोज वेगळेच प्रश्न असतात. आत कुठून शिरायचं. जिना किती पायऱ्यांचा. पाठ दुखणाऱ्याने कुठे बसावं. शेवटी त्यांनी पश्चिमेच्या बाजूची, खालून अकरावी रांग नक्की केली आहे. तिथून तुझं छप्पर पूर्ण दिसतं म्हणे, आणि ऊन डोळ्यांवर येत नाही. रोज त्याच खुर्चीवर बोट ठेवतात आणि मग पहिल्यापासून सगळं बघत येतात, खांब, तुळया, छपराची कड. सावागुचीला काल म्हणाले की माझ्या मुलीने काढलंय. तो बिचारा म्हणाला, काका, मला माहीत आहे, तुम्ही परवाही सांगितलंत.

स्टेडियम पुरं व्हायला चार वर्षं लागणार. बाबा ऐंशीचे आहेत आणि पाठ तुला वाटते तितकी बरी नाही, मी पत्रात बरी लिहीत आले. त्यांना हिशेब कळतो. मलाही कळतो. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही. ते आत्ताच तिथे बसून घेत आहेत.

तीन महिने मी तुझ्यावर उगाच जळले. आता कारण आहे आणि आता जळते आहे, तेही लपवत नाही. माझ्या गवताकडे त्यांनी तासभर बसून कधी बघितलं नाही. ते काम होतं. तुझं ते बघायला जातात.

नववर्षाला तू येशीलच, पण नगरपालिका तीन तारखेपर्यंत बंद असते. म्हणून चार तारखेची रजा काढ. साहेबांनी कुरकुर केली तर त्यांना अठ्ठावीस वह्या पुन्हा वाचायला दे. सकाळी दहाला बाबा निघतील, तू त्यांच्याबरोबर जा. मध्ये बोलू नकोस, त्यांना आवडत नाही. ते विचारतील तेवढंच सांग, आणि शेजारी बस.

मी येणार नाही. आग्रह करू नकोस. तेहेतीस वर्षं त्यांच्या सकाळी माझ्याच होत्या, आणि तशीही मला मैदानावर कामं आहेत.

गाडीत बसलीस की फोन कर. अंथरूण उन्हात टाकून ठेवते.

तुझी,
ताई